रंगाखालचा रंग

गावातील एखाद्या जुन्या देवळात शेंदूर चढविलेली मूर्ती आपण सर्वांनीच पाहिलेली असते. वर्षानुवर्षे शेंदराचे थर एकावर एक बसत जातात, मूर्तीचे नाक-डोळे बुजून जातात आणि आतला पाषाण कसा होता हे सांगणारे कोणी उरत नाही. मग कधीतरी ती खोळ आपोआप गळून पडते किंवा जाणती माणसे ती जपून उतरवितात, आणि आतून एक निराळेच रेखीव रूप प्रकट होते. पाहणारे थक्क होतात, हात जोडतात. परंतु त्या वेळी एक प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही : जो शेंदूर उतरला, तोही कोणीतरी भक्तीनेच लावला होता, त्या भक्तीचे काय झाले?

हा प्रश्न देवमूर्तीपुरताच आहे असे नाही. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हातांतून जाते, त्या प्रत्येक वस्तूविषयी तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच. इंग्लंडमधील डार्बी या शहरी १९९५ साली तो एका वृद्ध कारागिरांपुढे उभा राहिला, आणि तोही खेळण्यातील एका लहानशा आगगाडीच्या इंजिनामुळे!

डार्बी हे इंग्लंडच्या मध्यभागातील जुने रेल्वेचे शहर. आगगाडीची इंजिने तेथील कारखान्यांत बांधली जात, दुरुस्त होत आणि रंगविलीही जात. हे कारागीर १९४१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, अशाच एका कारखान्यात रंगाच्या कामावर उमेदवार म्हणून लागले आणि सारे आयुष्य त्यांनी खऱ्या इंजिनांना रंग देण्यात घालविले. निवृत्त झाल्यावर त्यांचे मन घरात रमेना आणि हात स्वस्थ बसेनात. तेव्हा घरामागच्या लहान खोलीत त्यांनी एक बाक मांडला, खिडकीशी दिवा टांगला आणि खेळण्यातील जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीचे काम आरंभिले. ज्या हातांनी शिडीवर चढून बॉयलरच्या विशाल पाठीवर कुंचला फिरविला होता, तेच हात आता वीतभर लांबीच्या इंजिनावर फिरू लागले.

ही खेळणी म्हणजे काही सामान्य वस्तू नव्हेत. लिव्हरपूल शहरातील फ्रँक हॉर्नबी नावाच्या एका कारकुनाने आपल्या मुलांच्या करमणुकीसाठी घरीच पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि त्या स्क्रूंनी जोडून एक खेळण्यातील यारी तयार केली. तेच तुकडे सोडवून पुन्हा जोडले की दुसरी वस्तू तयार होई. या कल्पनेचे त्याने १९०१ मध्ये पेटंट घेतले. पुढे 'मेकॅनो' या नावाने ते खेळणे जगभर गेले. १९२० पासून त्याच्या कंपनीने किल्लीवर चालणाऱ्या पत्र्याच्या आगगाड्या विकावयास काढल्या. या गाड्यांच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असे, तर इंग्लंडच्या खऱ्या रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. म्हणजे खेळण्यातील रूळमार्ग हा खऱ्याच्या साधारण पंचेचाळिसावा भाग झाला. फ्रँक हॉर्नबी १९३६ साली निवर्तला आणि लिव्हरपूलचा तो कारखानाही १९७९ साली बंद पडला. परंतु त्याची इंजिने घराघरांतल्या माळ्यांवर आणि पेट्यांतून टिकून राहिली.

या इंजिनांच्या रंगालाही एक अर्थ होता. १९२३ साली ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन चार मोठ्या कंपन्या निर्माण झाल्या. प्रत्येकीचा रंग निराळा. डार्बीच्या कारखान्यावर ज्या कंपनीची सत्ता चाले, त्या 'लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश' रेल्वेची उतारूंच्या गाड्यांची इंजिने झळझळीत किरमिजी असत. 'किरमिजी' हा मराठी शब्द आणि त्याच रंगाचे 'क्रिम्झन' हे इंग्रजी नाव ही दोन्ही एकाच मुळातून निघालेली भावंडे आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. इतर कंपन्यांनी हिरव्या रंगाच्या निरनिराळ्या छटा पसंत केल्या होत्या. खेळणी बनविणारा कारखानाही एकच इंजिन चारही कंपन्यांच्या रंगांत रंगवून विकीत असे, म्हणजे मुलाला आपल्या गावाच्या स्टेशनात येणाऱ्या गाडीसारखीच गाडी घरी चालविता येई.

असे एखादे इंजिन बाकावर आले, म्हणजे हे कारागीर लगेच हत्यार हाती घेत नसत. प्रथम ते नुसते पाहत. कोठे पोचा पडला आहे, कोठे गंज चढला आहे, कोणता स्क्रू मूळचा आणि कोणता मागाहून घातलेला, हे सारे ते वहीत लिहीत आणि शेजारी चित्र काढीत. मगच इंजिन उघडले जाई. पण उघडणे हीसुद्धा एक विद्याच आहे. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडण्यासाठी त्यांना लहान लहान जिभा ठेवलेल्या असतात. त्या खाचेतून घालून पलीकडे वळविलेल्या असतात. वाकणे आणि सरळ होणे त्या जिभेला एकदोन वेळांच सोसते. अधिक छळ केला तर ती मोडते. म्हणून उघडण्यापूर्वी 'हे खरोखर उघडले पाहिजे काय?' असे ते स्वतःलाच विचारीत.

आतील यंत्र घड्याळासारखे असते. पोलादाच्या गुंडाळलेल्या कमानीत किल्लीने बळ साठवावयाचे आणि दात्यांच्या चाकांनी ते गाडीच्या चाकांपर्यंत पोचवावयाचे. ही कमान अवचित सुटली तर बोट कापल्यावाचून राहत नाही. म्हणून किल्ली घट्ट धरून तिचा ताण हळूहळू उतरवावा लागतो. जुने तेल वाळून डिंकासारखे झालेले असते. ते रॉकेलने आणि दातांच्या मऊ ब्रशाने धुवावयाचे, पुसून कोरडे करावयाचे आणि मग प्रत्येक आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावयाचा. थेंबाहून अधिक तेल म्हणजे धुळीला आमंत्रणच.

एखाद्या इंजिनाचा रंग पार उडून गेलेला असला आणि पत्र्याला गंजाने खाल्ले असले, तर ते पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर नसते. मग आतून गुळगुळीत लाकडी खुंटी लावून पोचे काढावयाचे, गंज घासून काढावयाचा, आणि धातूला रंग धरावा म्हणून प्रथम अस्तराचा पातळ हात द्यावयाचा. त्यावर खरा रंग चढतो, पण तोही एकदम जाड नव्हे. जाड रंगाखाली पत्र्यावर उठविलेल्या खिळ्यांच्या ओळी बुजून जातात आणि इंजिन साखरेच्या पाकात बुडविल्यासारखे दिसते. पातळ हात, मग वाळू देणे, मग अतिशय बारीक काचकागदाने हलकेच घासणे, मग पुन्हा पातळ हात. असे दिवसांमागून दिवस जातात. दोन हातांच्या मध्ये धुळीचा कण बसू नये म्हणून इंजिनावर पेटी पालथी घालून ठेवावी लागते.

सर्वांत अवघड काम रेघांचे. खऱ्या इंजिनावर अर्धा इंच रुंद असलेली रेघ खेळण्याच्या प्रमाणात पाव मिलिमीटरहून जेमतेम जाड होते. ती कुंचल्याने निघत नाही. नकाशे काढणारे लोक पूर्वी वापरीत ती दोन पोलादी पात्यांची लेखणी घेऊन, तिच्या पात्यांमध्ये रंगाचा थेंब धरून, श्वास रोखून ती एका दमात ओढावी लागते. हात थबकला की तेथे गाठ दिसते. शेवटी पाण्यात भिजवून कागदावरून सरकवावयाची सोनेरी अक्षरे बसवावयाची आणि सर्वांवर व्हार्निशचा एक स्वच्छ हात द्यावयाचा. असे सजलेले इंजिन पाहिले म्हणजे मालकाला वाटे, जणू काल दुकानातून आणले!

मात्र अशा प्रत्येक इंजिनाच्या पोटात, जेथे सहसा दृष्टी जात नाही अशा ठिकाणी, हे कारागीर बारीक अक्षरांत साल लिहीत आणि त्यापुढे 'पुन्हा रंगविले' असे दोन शब्द लिहीत. पुढेमागे कोणी ते विकत घेतले तर त्याची फसवणूक होऊ नये, हा हेतू. नव्याने दिलेला रंग जुना म्हणून विकणे यासारखी लबाडी नाही, असे त्यांचे म्हणणे असे.

त्यांच्या विद्येलाही एक सीमा होती. पत्र्याचा गंज काढता येतो, मोडलेली जीभ डाख देऊन जोडता येते. परंतु महायुद्धापूर्वीच्या काही ओतीव चाकांना एक असा रोग जडतो की त्यावर औषध नाही. ही चाके जस्ताच्या मिश्रधातूची असत. ओतताना त्या धातूत शिशाचा थोडासा जरी अंश मिसळला असला, तरी वर्षे लोटल्यावर चाक आतून फुगते, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि एक दिवस हाताचा स्पर्श होताच त्याचा वाळक्या भाकरीसारखा चुरा होतो. वरून ते कितीही सुंदर रंगविले तरी उपयोग नाही. अशी चाके काढून टाकून नवी ओतलेली चाके बसवावी लागत. "जे वाचत नाही ते बदलावे, जे वाचते ते बदलू नये," असे ते त्या वेळी म्हणत. सांगावयास हे किती सोपे! पण वाचविण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, हे ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे भल्याभल्यांची बुद्धी कुंठित होते.

तो प्रसंग १९९५ च्या हिवाळ्यात आला. एके दुपारी साठीच्या घरातील एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन त्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक चेपलेली पेटी होती. पेटीत फडक्यात गुंडाळलेले चार चाकांचे एक इंजिन होते. ते काळे होते. पण कारखान्यातून आलेले तुकतुकीत काळे नव्हे. रंगाचे ओघळ आलेले होते, कुंचल्याचे केस जागोजागी चिकटून राहिले होते, आणि खिडक्यांच्या कडांशी रंग गोळा होऊन सुकला होता. एका चाकाचा चुरा झाला होता. किल्ली फिरत नव्हती.

"हे माझ्या थोरल्या भावाचे," बाई म्हणाल्या. "तो गेल्या वर्षी वारला. त्याच्या घराच्या माळ्यावर हे मिळाले. मला आठवते त्याप्रमाणे हे मुळात लाल होते. आपण हा घाणेरडा काळा रंग काढून टाका आणि त्याला पहिल्यासारखे लाल करा. येत्या वाढदिवशी मला हे या नातवाला द्यावयाचे आहे."

काम साधे दिसत होते. किरमिजी रंगाचा डबा नेमका त्याच सकाळी उघडून बाकावर ठेवलेला होता. मुलाचे डोळे त्या डब्यावर खिळले. परंतु कारागिरांनी सवयीप्रमाणे प्रथम भिंग उचलले आणि ते नुसते पाहू लागले.

मग त्यांनी इंजिन पालथे केले. एका काडीला कापूस गुंडाळून तो टर्पेंटाइनमध्ये बुडविला आणि चालकाच्या खोलीच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा भाग हळूहळू चोळला. कापूस काळा झाला. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्या कापसाबरोबर त्या काळ्यातून एक लाल ठिपका उजळला. दिव्याखाली तो माणकासारखा चमकू लागला. "आजी, लाल!" मुलगा आनंदाने ओरडला.

"होय, लाल आहे," कारागीर म्हणाले. "कारखान्यात रंग दिल्यावर इंजिने भट्टीत तापवीत. त्यामुळे तो रंग कठीण होतो. हा वरचा काळा रंग घरगुती आहे, मऊ आहे. जपून काम केले तर तो निघेल. त्याखालची सोनेरी अक्षरे मात्र कदाचित त्याच्याबरोबर निघून येतील. ती नवी बसवावी लागतील." असे म्हणून त्यांनी इंजिन पुन्हा सरळ केले आणि छपरावर भिंग धरले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाईंच्या हाती भिंग दिले. "जरा येथे पाहता काय?"

छपराच्या मागच्या कोपऱ्यात, काळ्या रंगात, एका बोटाचा ठसा उमटला होता. रंग ओला असताना कोणीतरी तेथे बोट टेकविले होते, आणि रंग सुकला तेव्हा त्या बोटाच्या बारीक वळ्याही त्यात तशाच सुकून राहिल्या होत्या. ठसा इतका लहान होता की तो मोठ्या माणसाचा असणे शक्यच नव्हते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे बोट असावे.

बाईंनी भिंगातून पाहिले आणि त्या एकदम मागच्या खुर्चीवर बसल्या. चोपन्न वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

त्या वेळी त्यांचे घर लिव्हरपूलला होते. महायुद्ध चालू होते. रात्री शहरात कोठेही दिवा दिसू द्यावयाचा नाही असा कडक नियम होता. दिवा दिसला की शत्रूच्या विमानांना शहर सापडे. लोक खिडक्यांना जाड पडदे लावीत, कोणी काचाच काळ्या रंगवून टाकीत. १९४१ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिव्हरपूलवर लागोपाठ सात रात्री बॉम्बवर्षाव झाला. भाऊ नऊ वर्षांचा होता आणि बहीण पाच वर्षांची. जिन्याखालच्या अडगळीत ती दोघे आईला बिलगून बसत. भावाच्या मांडीवर ते लाल इंजिन असे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, उजाडल्यावर, वडिलांनी काचा रंगवून उरलेल्या काळ्या रंगाचा डबा त्याने शोधून काढला. बहिणीला त्याने डब्याचे झाकण धरावयास सांगितले.

"मी त्याला विचारले, असे का करतोस?" बाई सांगू लागल्या. "तो म्हणाला, लाल इंजिन वरून दिसते. काळे केले म्हणजे विमानवाल्याला दिसणार नाही, आणि मग आपल्या घरावरही बॉम्ब पडणार नाही. रंग सुकला की नाही हे पाहण्यासाठी मी त्यावर बोट ठेवले. तो माझ्यावर इतका रागावला! म्हणाला, 'आता येथून प्रकाश बाहेर येईल.' मी रात्रभर रडले. हे सारे मी विसरूनच गेले होते."

खोलीत थोडा वेळ शांतता पसरली. मग कारागीर म्हणाले, "बाई, त्याच वर्षी मी कारखान्यात लागलो. किरमिजी रंग द्यावयास मिळेल म्हणून मोठ्या हौसेने गेलो होतो. पण युद्धामुळे माणसे कमी पडत होती आणि रंगही जपून वापरावा लागे. दुरुस्तीला आलेल्या किरमिजी इंजिनांना साधा काळा रंग देऊन पुन्हा कामावर पाठवावयाचे, असा हुकूम होता. त्या सुंदर रंगावर मी काळा कुंचला फिरवीत असे. आपल्या भावाने घरी जे केले, तेच मी कारखान्यात करीत होतो."

आता बाईंना काय करावे ते समजेना. काळा रंग काढावा, तर त्याबरोबर ते बोट, ती संध्याकाळ आणि नऊ वर्षांच्या एका मुलाची आपले घर वाचविण्याची सारी धडपड पुसली जाणार. काळा रंग ठेवावा, तर ज्या लाल इंजिनावर भावाने जीव टाकला होता ते कधीच दृष्टीस पडणार नाही. शिवाय नातवाला वाढदिवशी द्यावयाचे ते असे ओघळलेले, कळकट खेळणे! त्यांनी नातवाकडे पाहिले. तो कधी लाल ठिपक्याकडे, तर कधी छपरावरील ठशाकडे पाहत होता. अखेर त्याने विचारले, "आजोबा, मग याचा खरा रंग कोणता?"

लहान मुलांचे प्रश्न पुष्कळदा असे असतात, की मोठ्यांनी टाळलेली वाट त्यांनी नेमकी धरलेली असते.

कारागीर हसले नाहीत. त्यांनी विचार करून उत्तर दिले, "दोन्ही खरे आहेत, बाळ. लाल रंग कारखान्याने दिला. तो तशा अनेक इंजिनांना दिला, आणि त्यांतील काही अजूनही जशीच्या तशी आहेत. काळा रंग मात्र या एकाच इंजिनाला मिळाला. लाल रंग पाहावासा वाटला तर तो दुसऱ्या इंजिनावर पाहता येईल. हा काळा रंग दुसरीकडे कोठेही पाहता येणार नाही. मी तो आज काढला आणि उद्या तुला पुन्हा हवासा वाटला, तर मी असाच काळा रंग लावून देईन, ओघळसुद्धा आणून दाखवीन. पण त्यात तुझ्या आजीचे बोट नसेल." क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, "तरीसुद्धा इंजिन तुमचे आहे. घरी जाऊन विचार करा. काढलेला रंग परत येत नाही. न काढलेला रंग मात्र पुढे केव्हाही काढता येतो. म्हणून घाई नको."

या शेवटच्या वाक्यात जीर्णोद्धाराच्या साऱ्या शास्त्राचे सार आले आहे. जुनी चित्रे, जुन्या पोथ्या, जुन्या इमारती सांभाळणारे तज्ज्ञ हाच नियम पाळण्याचा प्रयत्न करतात : जे केल्यावर पुन्हा फिरविता येत नाही ते करण्यापूर्वी थांबावे. जुनी वस्तू नवी दिसावी ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि जेथे गंजाने सर्व काही खाऊन टाकले आहे तेथे नवा रंग हाच त्या वस्तूला जगविण्याचा मार्ग असतो. परंतु प्रत्येक डाग म्हणजे घाण नव्हे आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे दोष नव्हे. कोणता डाग पुसावा हे डोळ्यांना एकट्याने ठरविता येत नाही; त्यासाठी त्या डागाची हकिगत विचारावी लागते.

आठ दिवसांनी बाईंचा निरोप आला : रंगाला हात लावू नये, बाकी सारे दुरुस्त करावे.

मग काम सुरू झाले. कमानीचा ताण जपून उतरविला. वाळलेले तेल धुऊन काढले. चुरा झालेल्या चाकाच्या जागी नवे चाक बसविले. त्याच्या जोडीच्या चाकालाही बारीक भेगा दिसत होत्या, म्हणून तेही बदलले. काळ्या रंगावरची धूळ मऊ कुंचल्याने झाडली आणि जेथे रंगाचे पापुद्रे सुटू लागले होते तेथे ते जपून चिकटविले. पोचेही फारसे काढले नाहीत, कारण पत्रा आतून ठोकला तर वरचा रंग तडकला असता. तळाचा तो नखाएवढा लाल ठिपका मात्र त्यांनी तसाच उघडा ठेवला. शेवटी इंजिनाच्या पोटात त्यांनी नेहमीप्रमाणे बारीक अक्षरांत साल लिहिले. पण या खेपेस त्यापुढचे शब्द निराळे होते : 'दोन चाके नवी. रंग जुनाच.'

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मुलगा आजीबरोबर इंजिन न्यावयास आला. कारागिरांनी बाकावर रुळांचे एक वर्तुळ जोडून ठेवले होते. मुलाने किल्ली दिली, इंजिन रुळावर ठेवले आणि चालकाच्या खोलीतून बाहेर आलेला दांडा ओढला. दात्यांची चाके किरकिरली, इंजिन क्षणभर अडखळले आणि मग भराभर धावू लागले. बाईंनी ते दोन फेऱ्या धावू दिले. तिसऱ्या फेरीस त्यांनी हात पुढे करून ते हलकेच थांबविले आणि छपरावरील त्या ठशावर आपले बोट टेकविले. बोट आता केवढे तरी मोठे झाले होते. ठसा त्याखाली पार झाकून गेला.

मग मुलाने इंजिन उचलले, पालथे करून तळाचा लाल ठिपका एकवार पाहिला आणि ते पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. ती दोघे गेल्यावर कारागिरांनी बाक पुसला. किरमिजी रंगाचा डबा अजून कोपऱ्यात होता. त्याचे झाकण त्यांनी हातोडीने हलकेच ठोकून घट्ट बसविले आणि तो पुढच्या इंजिनासाठी फळीवर ठेवून दिला.